इंधनाची किंमत : शून्य

खैरुन्निसानं कापूस वेचून झालेल्या वाळक्या पऱ्हाटीचं खोड चिमट्यात धरलं, कमरेतून मागं झोक दिला आणि मुळासकट उपटून बाजूला टाकलं. मागून तिची मदिहा जुड्या बांधत होती, ताणकाट्याला अडकवून वजन वहीत टिपत होती. शेजारच्या ओळीत रुखमाबाई.

"मदे, पऱ्हाटी मोजून कोणतं लगीन जुयते वं तुह्यं?"

"मावशी, याच्यातून वीज निघते."

दोन वर्षं ती नागपूरच्या कॉलेजात कॉम्प्युटरवर एक वीजघर उभारत होती. पऱ्हाटीचा गॅस करायचा, तो चिनीमातीसारख्या पातळ चकत्यांवरून न्यायचा. ज्वाळा नाही, धूर नाही, सरळ वीज. चकत्यांच्या त्या घटातून बाहेर पडणारा तापलेला वायू पुढं टर्बाइन फिरवतो, पुन्हा वीज. खरं यंत्र अजून कुठंच नव्हतं. होती ती समीकरणं.

"केवढं तापते ते?" खैरुन्निसानं विचारलं.

"आठशे डिग्री."

"या अल्ला! भाकरीचा तं कोयसाच होईन."

तिघी हसल्या. हसण्यासारखं यंदा दुसरं काही नव्हतं. अळी लागणारच नाही म्हणून विकलेल्या बीटीच्या बोंडाबोंडात गुलाबी अळी निघाली. पाकिटावर छापणाऱ्याचं काय जातं? दोन वेचण्यांत कापूस संपला, बायांची मजुरी संपली. राहिली ती पऱ्हाटी. तिचा रिवाज जुना : उपटून रान मोकळं करून द्यायचं, मजुरी मागायची नाही, पऱ्हाटी घरी न्यायची. पावसाळ्यापर्यंत चूल त्यावरच पेटते.

दोघींचे भारे बांधून झाले तशी नारायणरावांची मोटरसायकल बांधाला लागली. रान त्यांचं.

"खैरुन्निसाबाई, पऱ्हाटी नेऊ नका औंदा. मोताळ्याले पऱ्हाटी जाळून वीज करनारा प्लांट होऊन राह्यला. कंपनी उचलनार हाये."

"मंग आमी काय जाळावं, मालक?"

"मले काऊन इचारता? तुमच्या पोरीले इचारा." त्यांनी खिशातून कंपनीचा घडी घातलेला छापील कागद काढला. रागानं नाही, कौतुकानंच. "पाहा, नाव छापलं पोरीचं. गावाचं नाव काढलं."

मदिहानं कागद घेतला. तक्ता तिचाच होता, कॉलेजातून कंपनीकडं गेलेला. एकरी पऱ्हाटी : मागच्या वर्षी तिनंच मोजलेली. सध्याचा वापर : नाही, शेतातच जाळली जाते. इंधनाची किंमत : शून्य. कॉलेजातल्या सरांनी सांगितलं होतं, टाकाऊ मालाला किंमत नसते. तिनं लिहून टाकलं. ज्या चुलीवरची भाकर खाऊन ती शिकली, ती चूल तिच्या एकाही समीकरणात नव्हती. आईच्या डोक्यावरचा भारा तिला लहानपणापासून दिसत होता. लिहायला बसली तेव्हा दिसला नाही. याला लोक हुशारी म्हणतात.

"अम्मी, हे चुकलं माझ्याकडून."

नारायणरावांनी मान वर केली. "चुकलं म्हंजे? खोटं हाये का हे?"

मदिहा उत्तर द्यायच्या आत खैरुन्निसानं तिचा दंड धरून तिला बाजूला नेलं.

"खोटं म्हटलं तं तुह्या डिगरीचं काय होते?"

"किंमत धरली तर वीज महाग पडते, अम्मी. सगळा हिशेब कोसळतो. सर प्रबंधावर सही करणार नाहीत."

"अन् खोटं नाही म्हटलं तं?"

"सोमवारी सही आहे."

खैरुन्निसानं पदरानं तोंड पुसलं. मग परत आली आणि नारायणरावांकडं न पाहता म्हणाली, "खोटं कायचं, मालक. पोरगी भाबडी हाये, घाबरते. लिवलं ते बराबर हाये."

मदिहाचं तोंड उघडलं होतं. सांगायचं ते अगदी जिभेवर होतं. तिनं खाली पाहिलं, कागदाची घडी घातली, पुन्हा घातली, आणि नारायणरावांच्या हातात दिली.

मोटरसायकल गेली. खैरुन्निसानं स्वतःच्या भाऱ्याची दोरी सोडली. पऱ्हाटी सैल होऊन बांधावर पसरली.

रुखमाबाई मघापासून चुंबळ हातात धरून उभी होती. तिच्या घरात कोणाची डिग्री नव्हती, सोमवारही नव्हता. तिनं खैरुन्निसाकडं पाहिलं, खैरुन्निसानं नजर चुकवली. तेव्हा रुखमाबाई वाकली, आपलाही भारा ओढत बांधापाशी घेऊन आली आणि मदिहासमोर थांबली.

"मॅडम," ती म्हणाली, "इथं ठेवला तं चालते ना?"