बळवंतरावांचं स्पेन

माकुणसारच्या नाक्यावर फ्लेक्स लागला तेव्हा बळवंतरावांचा व्हिसा आलेला नव्हता. पण आपल्याकडे फ्लेक्स कशासाठीच थांबत नाही. 'स्पेन दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा', खाली हात जोडलेले बळवंतराव आणि भोवती शुभेच्छुकांची अकरा तोंडं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती आणि एकुलती एक लेक वैष्णवी स्पेनमधल्या व्हाल्देरोसा नावाच्या चिमुकल्या गावात नोकरीला. तिला भेटायला जाणार, जाणार म्हणत या गृहस्थांनी चार महिने गावाला इतकं पिळलं होतं, की ते एकदाचे जावेत असं गावालाच झालं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी व्हिसा नाकारल्याचं कळलं. लेकीची भेट हुकली म्हणून बळवंतराव रडले, अगदी खरं रडले. डोळे पुसल्यावर त्यांना नाक्यावरचा फ्लेक्स आठवला आणि तोंडचं पाणी पळालं. आता गावात राहायचं कोणत्या तोंडाने? दुसऱ्या दिवशी त्यांनी निमूटपणे हार घालून घेतला, नारळ घेतला, रिक्षात बसले आणि सफाळ्याला उतरून गुपचूप दातिवऱ्याची वाट धरली. बहीण सुलू तिथे दिलेली होती.

बॅगेला अडकवलेली 'स्पेन' लिहिलेली चिठ्ठी बघून सुलू म्हणाली, "दादा, स्पेन भलतंच जवळ आलं रे!"

पंधरा दिवस त्यांनी समुद्रावर बसून काढले. वैष्णवीच्या दुपारच्या सुट्टीत आपल्याकडे संध्याकाळ व्हायची. ती फोन हातात धरून बापाला गाव हिंडवायची. चौक, कारंजं, दगडी पूल, रविवारी टेकडीवरचा जुना किल्ला. बळवंतराव सगळं वहीत टिपून घ्यायचे. शेजारी दोरीवर बोंबील वाळत घालणारी बुधी निखाऱ्यावर एखादा बोंबील भाजून त्यांच्या हातावर ठेवायची, वर कोरा चहा. एकदा फोनमध्ये डोकावून म्हणाली, "पोरगी तुमची? सुकली हाय. जेवते का नाय?" बळवंतरावांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन लेकीकडे पुन्हा बघितलं.

ते परतले आणि आठवड्यात वाचनालयाने त्यांचं व्याख्यान ठेवलं.

वही पाठ होती, त्यामुळे सुरुवात झकास झाली. "वस्ती फक्त अकराशे, आणि स्वतःची नगरपालिका! नगराध्यक्ष स्वतः पावाच्या रांगेत उभे!" ग्रामपंचायतीचे दोन सदस्य खुर्चीत अस्वस्थ हलले. मग कारंजं झालं, पूल झाला, किल्ला झाला. तेवढ्यात वाचनालयाच्या नीलेशने विचारलं, "काका, माणसं कशी हायत तिथली?"

हे वहीत नव्हतं. फोनमधून माणसांचा वास थोडाच येतो! बळवंतरावांनी जे जवळ होतं तेच काढलं.

"किल्ल्याखाली समुद्रावर एक म्हातारी मासे सुकवते. मी परका माणूस, पण रोज मला भाजलेला मासा आणि चहा. कधी एक पैसा घेतला नाही. माझ्या लेकीचा चेहरा बघून तिनं ओळखलं, पोरगी नीट जेवत नाही. मला बापाला नव्हतं ओळखता आलं. मंडळी, स्पेनमध्ये बघण्यासारखं काय, तर ती बाई."

मागच्या रांगेत एक जण उभी राहिली. भाचीच्या साखरपुड्याला आलेली आणि गर्दी दिसली म्हणून आत शिरलेली बुधी! आता सगळ्या गावादेखत नाक कापलं जाणार.

"भाव, त्या म्हातारीचं नाव काय वो?"

"म... मारिया."

"सभावानं बरी व्हती?"

"फार."

"मंग बरं," म्हणून बुधी खाली बसली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

चहाच्या वेळी बळवंतरावांनी तिला कोपऱ्यात गाठलं. हात जोडून म्हणाले, "बुधीबाय, का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? पन्नास वर्सं त्या समुद्रावर बसते. येनारा जानारा नाकाला रुमाल लावून जातो. आज पैल्यांदा कुनी चार लोकांत मला चांगलं म्हनलं. ते मीच खोटं पाडू?" तिने बशीतला चहा संपवला. "पन ते मारिया काय मला पटलं नाय."

पुढच्याच महिन्यात केळव्याच्या ज्येष्ठ नागरिक संघाचं बोलावणं आलं. तेच कारंजं, तोच पूल, तोच किल्ला, तीच म्हातारी. आणि कुणी विचारायच्या आत बळवंतराव पुढे वाकून, खणखणीत आवाजात म्हणाले, "त्या बाईचं नाव बुधी."

काय बाई तिकडची नावं, म्हणून केळव्याच्या मंडळींनी कौतुकाने माना डोलावल्या, आणि एका आजोबांनी ते नाव वहीत लिहूनसुद्धा घेतलं.