शेवटची वीस मिनिटं

वीणाताईंनी अनयच्या हनुवटीत चौथा टाका घातला, तरी पठ्ठ्याने हूं की चूं केलं नाही.

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या आइस रिंकवर मॅचच्या डॉक्टर त्याच, आणि आइस हॉकीचा गोलकीपर त्यांचाच मुलगा. सतरा सीझन! दोन्ही गुडघे, एक खांदा आणि पुढचे तीन दात त्याने या खेळाला वाहिले होते. आज फायनल, आणि त्याची शेवटची मॅच. दोन-दोन अशी बरोबरी असताना समोरचा गडी अंगावर आला आणि अनयचं डोकं गोलच्या खांबावर आदळलं. आता उरली होती वीस मिनिटं.

नियम साधा. डोक्याला मार बसला की डॉक्टरने सही केल्याशिवाय बर्फावर परत जायचं नाही. याच नियमावरून वीणाताईंनी लेकाला पूर्वी दोनदा घरी बसवलं होतं. एकदा तर त्याने महिनाभर अबोला धरला.

"स्कोअर काय?" त्यांनी विचारलं.

"टू-ऑल."

"शेवटचा गोल कुणाचा?"

"त्यांच्या नंबर नाइनचा."

महिने उलटे म्हणून झाले, एका पायावर उभं राहून झालं. सगळं बिनचूक. वीणाताईंचा जीव भांड्यात पडला. देवा, खेळू दे रे याला, असं त्या मघापासून मनात म्हणत होत्या, डॉक्टर असूनही! त्यांनी पेन उघडलं.

"आई, थांब ना."

"काय रे?"

"तुझ्यामागे टीव्ही आहे. स्कोअर तिथून वाचला. ॲक्च्युअली, धडक मला आठवतच नाही. आणि डोकं खूप दुखतंय."

वीणाताईंनी वळून पाहिलं. पडद्यावर सगळं लख्ख लिहिलेलं होतं.

"मला कळलंसुद्धा नसतं, अनय."

"आय नो. सतरा वर्षं हीच टेस्ट देतोय."

"मग सांगितलंस कशाला?"

"खाली सही तुझी ना."

असा मुलगा आपल्या पोटी आला, एवढंच वीणाताईंच्या मनात येत राहिलं. त्यांनी पेन मिटलं.

तिसरा, शेवटचा पिरियड सुरू झाला तेव्हा गोलमध्ये राखीव गोलकीपर अनिश होता. खेळाडूंच्या बाकापाशी एक छोटं फाटक असतं. दर मिनिटाला गडी बदलतात, आणि ते उघडायचं काम राखीव गोलकीपरचं. सहा सीझन ते अनिशने केलं. आज अनय करत होता. दर वेळी भिंतीला धरून उठायचा, बाहेर पडणाऱ्याच्या पाठीवर थाप मारायचा, "कम ऑन!" म्हणून ओरडायचा आणि डोळे मिटून मटकन खाली बसायचा.

लक्ष ठेवायला वीणाताई त्याच्या शेजारीच होत्या. चौथ्यांदा तो उठायला लागला, तशी त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बस तू," त्या म्हणाल्या, आणि फाटकाची कडी स्वतःच्या हातात घेतली.