गिअरबॉक्सचं नाक

"कौन लगाया ये पेंट? उसके हाथां चूमना!" उतरवलेल्या गिअरबॉक्सवरून मान वर करत मेस्त्री जब्बारभाई हसले. त्यांच्या तेलकट तळहातावर एक छोटीशी टोपी होती. शिंप्याच्या अंगुस्तानाएवढी, आणि वरून चंदेरी रंगात माखलेली.

हिंमतराव वाकून बघायला लागले. हैदराबादच्या अंबरपेठेतल्या या गॅरेजात त्यांची अठरा वर्षांची लारी सकाळपासून उभी होती. पाच महिने गिअरबॉक्समधून तेल गळत होतं. आज एकदाचा निकाल लावायचा होता, दुरुस्त करायचा की दुसरा बसवायचा. रितेशचं मत ठरलेलं होतं. हिंमतरावांच्या या लेकाने जुन्या सामानवाल्याकडे एक गिअरबॉक्स बघूनही ठेवला होता, आणि वडील ऐनवेळी मागे हटतील म्हणून ऑफिसातून अर्धी रजा काढून जातीने हजर होता.

"ये नाक है इसकी, सेठ," जब्बारभाई म्हणाले. "अंदर तेल तपा तो हवा इधर से निकलना. तुम नाकच बंद कर दिए. फिर हवा कां जाती? सीलां में से घुसके निकली, संग में तेल बी ले गई. पूछरा हूं मैं, ये पेंट लगाया कौन?"

हिंमतरावांना ते पुरतं ठाऊक होतं. दर खंडेनवमीला लारी धुऊन, खाली शिरून गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत रंग द्यायचा, वर कुंकवाची बोटं ओढायची, हा त्यांचा नेम. या कामाला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. गेल्या वेळी तर हौसेने दोन हात दिले होते आणि कानाकोपरा सोडला नव्हता.

"ड्रायव्हर लगाया होंगा," हिंमतराव म्हणाले.

"यादगिरी!" रितेश लगेच म्हणाला. "बघा बाबा, त्याला काढला ते करेक्टच केलं तुम्ही."

हिंमतरावांनी जब्बारभाईंच्या हातावरची टोपी उचलून खिशात टाकली. का टाकली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

यादगिरी चौदा वर्षं ही लारी चालवत होता. नोव्हेंबरात एके सकाळी तो दाराशी येऊन म्हणाला होता, "परसों पूजा के बाद से तेल टपकरा, सेठ." पूजेला तेव्हा महिना होऊन गेला होता. हैदराबादेत 'परसों' म्हणजे गेला महिनाही होतो आणि गेलं सालही, हे इथे जन्म काढलेल्या हिंमतरावांना कुणी शिकवायला नको होतं. पण त्या दिवशी त्यांचं डोकं फिरलं होतं, आणि फिरलेल्या डोक्याचा माणूस भाषेचा मास्तर होतो. परसों म्हणतोस? महिनाभर लपवलंस, आता खोटं बोलतोस? गल्लीतली माणसं जमली तसा त्यांना आणखी चेव आला. "गिअर पीस पीस के बॉक्स खराब किया तू. हाथ की समझच गई तेरी," असं म्हणून त्यांनी चावी काढून घेतली होती. पूजेनंतर, हे त्याने सरळ सांगितलं होतं. हिंमतरावांनी फक्त परसों ऐकलं.

"बॉक्स में जान है," जब्बारभाई म्हणाले. "सीलां बदलना, एक बेरिंग डालना, बस. बदलते बोले तो मर्जी तुम्हारी. ये फिर भंगार में जाता."

भंगारात जातो. हिंमतरावांना ते शब्द फार बरे वाटले. गिअरबॉक्स गेला की त्यावरचा रंगही गेला, विचारणारं कुणी उरलं नाही.

"जेवून येऊन सांगतो," ते म्हणाले.

घरी भामाबाईंनी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. जेवता जेवता रितेशने आईला सगळी हकीकत ऐकवली, नाक बंद केलेल्या यादगिरीसकट.

"बदलूनच टाकू म्हणतो," हिंमतराव ताटात बघत म्हणाले. "कशाला उगं जुन्याचं लोढणं."

रितेश हात धुवायला उठला तेव्हा भामाबाईंनी नवऱ्याच्या ताटात आणखी अर्धी भाकरी ठेवली.

"यादगिरी तर तवा बतकम्माच्या सणाला गावी गेला होता," त्या हळूच म्हणाल्या. "रंगाचा डबा मी धरला होता की वं. इसरलात?"

हिंमतराव विसरले नव्हते. चार महिन्यांपूर्वी त्यांनी रागाच्या भरात अन्याय केला होता, ते एक वेळ समजून घेता आलं असतं. पण आजचं? आज राग नव्हता, काही नव्हतं. जो माणूस समोर नाही त्याच्या माथी त्यांनी थंड डोक्याने दुसऱ्यांदा खापर फोडलं होतं. त्यांना स्वतःची शरम वाटली.

रितेश परत आला तसे ते म्हणाले, "नाही बदलायचा. सीलं बदलू. जब्बारभाईला सांग, रंग मी लावला होता."

"मग तुम्ही तिथे..." एवढं म्हणून रितेशने जब्बारभाईंना फोन लावला.

यादगिरी नल्लकुंट्यात एका अपार्टमेंटवर वॉचमन आहे, एवढं हिंमतरावांच्या कानावर होतं. दोन गल्ल्या शोधल्यावर तो सापडला. अंगात ढगळ निळा गणवेश, बसायला प्लास्टिकची खुर्ची. हिंमतरावांना बघून तो झटकन उठला.

"सेठ! क्या हुआ? अम्मा अच्छे हैं ना?"

वाटेत जुळवलेलं सगळं हिंमतराव विसरले. खिशातली टोपी काढून त्यांनी त्याच्या हातावर ठेवली.

"इससे टपकरा था तेल. पेंट लगाके मैंच बंद किया. तेरी कुछ गलती नै थी, यादगिरी. और आज सुबह जब्बारभाई पूछे तो फिर तेरा नाम ले दिया मैं."

यादगिरीने टोपी उलटसुलट केली. अंगठ्याच्या नखाने रंग खरवडला. एक पापुद्रा निघाला आणि खालचं बारीक भोक दिसलं.

"मैं समझा, हाथ गया मेरा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि हिंमतरावांना तेच सोसवेना. "दो लारीवाले बुलाने आए थे, सेठ. नै बोल दिया. चौदा साल की गाड़ी खराब करा मैं, दूसरे की कैकू करना बोलके. जनवरी में गाड़ी चलाने का लैसन खतम हुआ, वो बी नै बनाया."

"बनाएंगे ना. मैं आता संग में. कल से..." हिंमतराव सांगायला लागले.

"देखते, सेठ," यादगिरी म्हणाला.

तेवढ्यात रस्त्यावर एका मोटारीने हॉर्न दिला. यादगिरी धावला, त्याने डाव्या हाताने फाटक ओढलं आणि मोटार आत जाईपर्यंत उजव्या हाताने सलाम केला. सलामाला उचललेल्या त्या हाताची मूठ मिटलेली होती, कारण टोपी अजून आतच होती.