शकुंतलाबाईची चंची

कृष्णरावांच्या घरात बंदूक होती, पण ती घरातल्या कोणालाही एकट्याने झाडता येत नव्हती. हा नियम सरकारचा नव्हे, त्यांच्या वडिलांचा.

भंडाऱ्याकडच्या करडी गावाच्या पुढे जंगलाला लागून ज्यांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आहेत, त्यांना रानडुकरांचा जाच काय असतो हे सांगायला नको. ज्यांच्या नाहीत, त्यांना सांगूनही कळायचं नाही. लोंबीत दाणा भरला की एका रात्रीत कळप येतो आणि अर्धी बांधी लोळवून जातो. म्हणून पीक राखायचा परवाना, आणि म्हणून ती जुनी भरमार बंदूक. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे गजाने ठासायचे. असली बंदूक एकदा भरली की झाडल्याशिवाय सहजी रिकामी होत नाही, त्यामुळे हंगामभर ती भरलेलीच खुंटीला टांगलेली असे. पण भरलेली असली तरी ती नुसती नळीच. हरभऱ्याएवढी तांब्याची टोपी तिच्या मागच्या टोकावर बसवावी, घोडा त्या टोपीवर पडावा, तेव्हा कुठे बार उडतो.

वडील सांगून गेले होते, बंदूक एकाजवळ आणि टोपी दुसऱ्याजवळ. माणसाला राग एकट्याला येतो. दुसऱ्याकडे मागायला जाईपर्यंत तो निम्मा होतो.

कृष्णरावांच्या घरी टोप्या बायकोजवळ असत. शकुंतलाबाईच्या कमरेला एक कापडी चंची असे. तिच्या एका कप्प्यात सुपारी आणि कात, दुसऱ्यात काजळाची रिकामी डबी, आणि त्या डबीत टोप्या. कृष्णराव मागायला आले की ती आधी त्यांच्या तोंडाकडे बघायची आणि विचारायची, "काय दिसलं?" डुक्कर म्हटलं की एक टोपी मिळे, मोजून एकच. निवडणूक आली की परवान्याची बंदूक ठाण्यात जमा करावी लागते, ती पावती कृष्णराव जपून ठेवत. परवान्याचं नूतनीकरण कधी चुकलं नाही. साहेब येत, नळी बघत, नंबर जुळवत. चंची मात्र कधी कोणी बघितली नाही. सरकारला ती माहीतच नव्हती.

दोन वर्षांपूर्वी शकुंतलाबाई गेली. मूत्रपिंडाच्या दुखण्याने सहा महिने खाटेवर होती, तरी चंची उशाखाली होती. घरात उरले तिघं. कृष्णराव, विधवा सून दामिनी आणि नातू मोनू. चंची खरं तर दामिनीकडे जायला हवी होती. पण ती अंगणवाडीत मदतनीस, सकाळी जाऊन दुपारी यायची, आणि तिला त्या डबीला हात लावायची भीती वाटायची. मग आजोबांनी तेरा वर्षांच्या नातवाला समोर बसवलं, चंची त्याच्या गळ्यात घातली आणि म्हणाले, "आता तू आजीच्या जागी." पोराची छाती दोन बोटं पुढे आली. कृष्णरावांनाही मोठं कौतुक वाटलं. कौतुकात माणूस काय काय करून बसतो!

पहिलं वर्ष नियमाचं गेलं. मचाणावर आजोबा बंदूक घेऊन आणि शेजारी नातू चंची घेऊन. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात कृष्णरावांचा गुडघा धरला. शिडी चढवेना. "दोन दिवस तूच जा बाबू, मंग मी येतोच," ते म्हणाले. दोन दिवसांचे आठ झाले, आठाचे वीस. बंदूक मोनूच्या खांद्यावर आणि चंची मोनूच्या गळ्यात. दामिनी एकदा सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, दोन्ही त्याच्याचजवळ हायेत." कृष्णराव गुडघ्याला तेल चोळत होते. म्हणाले, "कायले भेवून राह्यली? घरचाच पोट्टा हाय." नियम मोडला तेव्हा घरात एवढंच बोलणं झालं.

शेजारच्या बांध्या भैयाजींच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा चंद्रकुमार वरठीला कारखान्यात कामाला होता, मोटारसायकलने जाऊन येऊन करायचा. वय चोवीस. स्वभावाने तापट, पण मनाचा वाईट नव्हे. मोनूला मोटारसायकल चालवायला त्यानेच शिकवली होती. त्या सकाळी रात्रपाळी करून तो थेट शेतावर आला आणि बघतो तर त्याच्या बांधीतलं पाणी फुटून मोनूच्या बांधीत आलेलं. मधला धुरा, म्हणजे बांध, मोनूने फोडला की खेकड्यांनी पोखरला, ते आज कोणालाच ठाऊक नाही. चंद्रकुमारने विचारपूस केली नाही. मचाणावरून उतरलेल्या मोनूला त्याने गवत कापणाऱ्या बायांसमोर दोन थपडा दिल्या आणि पाठ फिरवून फुटलेला धुरा बघायला वळला. मोनू रडत होता. रडत रडतच त्याने डबी उघडली. "काय दिसलं?" असं विचारायला तिथे कोणी नव्हतं.

पाठीत छर्रे लागलेला चंद्रकुमार भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोचायच्या आत वाटेतच गेला. मोनू कुठे पळाला नाही. घरी आला, बंदूक खुंटीला टांगली, चंची आजीच्या कोनाड्यात ठेवली आणि खाली बसला. वस्तू कुठे ठेवायच्या हे त्याला पाठ होतं.

पोलीस त्याला घेऊन गेले. हातात बेड्या घातल्या नव्हत्या, कारण पोर पंधराचं. एक दिवसही ठाण्यात न ठेवता मुलांच्या निरीक्षणगृहात धाडलं. बंदूक, गज, दारूचा डबा आणि "एक जुनी कापडी पिशवी" एवढं पंचनाम्यात लिहिलं. कृष्णरावांना विचारलं तेव्हा ते नुसते मान हलवत राहिले. धक्का बसला होता म्हणा, किंवा घाबरले होते म्हणा. दोन्ही खरं होतं.

भंडाऱ्याचे वकील शांत गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, "मुलगा सोळाच्या आत आहे, हे नशीब समजा. बाल न्याय मंडळ त्याला फार तर तीन वर्षं सुधारगृहात ठेवेल. तुमचं तसं नाही, काका. अल्पवयीन मुलाच्या हातात तुम्ही परवान्याचं हत्यार दिलं, असं ठरलं तर तुम्ही आत जाल. या वयात. म्हणून एवढंच म्हणायचं, की बंदूक कपाटात कुलपात होती आणि मुलाने किल्ली चोरली."

"आणि जसं झालं तसं सांगतलं तं?"

"तर मंडळ मुलाकडे वेगळ्या नजरेने बघेल. मोठ्यांनी हातात दिलं म्हणून त्याने घेतलं, हे त्याच्या बाजूचं आहे. पण मग तुमच्या बाजूचं काही उरणार नाही."

एसटीत दामिनी खिडकीकडे तोंड करून बसली होती. तशीच म्हणाली, "तुमी गेले तं मी एकटी पडन, मामाजी. ते बी खरं. पण माह्या पोराले चोर नोका करू." कृष्णरावांना जेलची भीती वाटत होती. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला नातवापेक्षा स्वतःची भीती जास्त वाटावी, याची त्यांना लाजही वाटत होती. पण लाजेने भीती जात नाही. तारखेपर्यंत त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, आपण गप्प बसायचं. खोटं बोलायचं नाही, पण खरंही सांगायचं नाही.

मंडळाच्या खोलीत ना कठडा, ना काळे कोट. टेबलामागे मॅजिस्ट्रेटबाई आणि दोन सदस्य. समोर खुर्चीवर मोनू. महिन्याभरात पोरगं बारीक झालं होतं, केस कोणीतरी वेडेवाकडे कापले होते. बाईंनी अगदी हळू आवाजात विचारलं, "बंदूक तुझ्याजवळ कशी आली, बाळा?"

मोनूने आजोबांकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. म्हणाला, "आबाजीनं कुलपात ठेवली होती. मी किल्ली चोरली. आबाजीले काहीच मालूम नव्हतं."

वकील त्याला निरीक्षणगृहात भेटून आले होते, हे त्यांचंच वाक्य. त्या घरात कुलूप एकच होतं आणि ते धानाच्या कोठीला होतं. कृष्णरावांना हे कळायला एक क्षण लागला, की पोर त्यांना वाचवत होतं. ज्याला त्यांनी सांभाळायचं, ते पोर खोटं बोलून त्यांना सांभाळत होतं. दुखरा गुडघा धरून ते उभे राहिले.

"बाई, कुलूप नव्हतंच," ते म्हणाले. वकिलांनी हात धरला, तो त्यांनी सोडवला. "पोट्टा खोटं बोलून राह्यला. बंदूक मी देली. टोप्या बी मीच देल्या. तेरा वर्साचा होता तवा त्याच्या गळ्यात चंची घातली मी. आमच्या घरी दोन्ही एका हाती द्याची पद्धत नव्हती. ते मी मोडलं. सुनेनं सांगतलं तरी आयकलं नाही. जे काय असन ते माह्यावर लिहा."

मोनू मोठ्याने रडला. "आबाजी, काहून सांगतलं तुमी? काहून?" दामिनीने त्याला जवळ घ्यायला पाऊल टाकलं, आणि बाईंनी तिला अडवलं नाही. मग त्यांनी बाहेरच्या पोलीस अधिकाऱ्याला बोलावून सांगितलं, की यांचा जबाब नव्याने घ्या, आज, इथेच. पोराने केलेलं पुसलं जाणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. कृष्णरावांनी मान डोलावली.

बाहेर व्हरांड्यात बाकावर भैयाजी बसले होते. त्यांनाही जबाबासाठी बोलावलं होतं. दार उघडंच होतं, त्यांनी सगळं ऐकलं होतं. चाळीस वर्षं धुऱ्याला धुरा लावून शेती केलेली दोन माणसं महिन्याभराने समोरासमोर आली. कृष्णराव बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकले. आत हवालदार कागद जुळवत होता.

"भैयाजी," ते म्हणाले, "आज एक गोष्ट सांगतो. मंग तोंडावर थुंकले तरी चालन. तीस वर्स झाले, तुमी धुरा हातभर सरकवला होता. आठवते?"

"आठवते."

"त्या दिवशी मी बंदूक घेऊन निघालो होतो. तुमच्यासाठी. टोपी मागाले शकुंतलेकडे गेलो. तिनं माह्या तोंडाकडे पाह्यलं, काय दिसलं म्हणून इचारलं बी नाही. चंची कमरेले खोचली आन् घरातून निघून गेली. दिवस बुडल्यावर आली. तवापर्यंत माहा राग उतरला होता. कुठं गेली होती, मी कधी इचारलं नाही. तिनं सांगतलं नाही."

भैयाजी समोरच्या भिंतीकडे बघत बोलले, त्यांचा आवाज मोठा नव्हता.

"माह्या घरी आली होती वहिनी. दिवसभर चुलीजवळ बसून राह्यली. तीनदा चहा झाला. मी म्हनलं, आज वहिनीले घरी काम नाही काय. चंदू तवा झालाबी नव्हता." त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. "ती बाई चंची घेऊन माह्या घरी येऊन बसली, किसनभाऊ. मंग तुमी काहून नाही आले? पोट्ट्याच्या गळ्यातली चंची काढून तुमी माह्या घरी येऊन बसले असते. एक दिवस. चहा पाजला असता ना मी."

गुडघा दुखत होता म्हणून कृष्णरावांना शिडी चढवत नव्हती, पण भैयाजींचं घर तर गल्लीच्या टोकालाच होतं. तिथवर त्यांना चालता येत होतं.

"कृष्णराव कोण?" हवालदाराने आतून हाक दिली. जबाबाचा पहिला कागद भरून झाला होता, फक्त एक ओळ अडली होती. "ती कापडी पिशवी कोणाची लिहू?"

"माह्या बायकोची," कृष्णराव म्हणाले, "पण बंदूक पोट्ट्याजवळ गेली तवा ती मी सांभाळाले पाह्यजे होती." आणि सही करायला ते आत गेले.