बद्द वाजलेली कडी

"भवतोषदा, ही बद्द वाजली."

भवतोष सांतराची हातोडी हवेतच थांबली. समोर छताच्या तुळईला साखळी टांगलेली होती. पलीकडे हारान बाग उभा होता, क्रेनला वजनं बांधणाऱ्या टोळीचा सरदार. त्यानं तोंडातली विडी काढून हातात धरली होती.

"काय म्हणालास?"

"म्हटलं, बद्द वाजली. वरून नववी."

भवतोषनं नवव्या कडीवर पुन्हा हातोडी मारली. हाताला झिणझिण्या आल्या. कानाला मात्र काही वेगळं लागलं नाही. आठवी जशी, तशीच नववी.

"ग्रीस बसलंय आत," तो म्हणाला. "मळ असला की आवाज दबतो."

हारानचा चेहरा लगेच मोकळा झाला. "असं होय! मग माझेच कान फुटले असतील. जन्मभर ग्राइंडरशेजारी उभं राहून दुसरं काय होणार? तुम्ही म्हणताय म्हणजे धडच असणार ती."

आणि तो पुढची साखळी मोकळी करायला वळलाही. भवतोषनं ब्रश पिवळ्या रंगात बुडवला आणि साखळीच्या वरच्या मोठ्या कडीवर बोटभर पट्टा ओढला. हात जरासुद्धा कापला नाही. नंतर त्याला हेच जास्त लागलं.

हावड्याच्या घाटावरच्या त्या जहाज-दुरुस्तीच्या कारखान्यात क्रेनला वर्षातून एकच दिवस सुट्टी मिळे, विश्वकर्मा पूजेचा. वजन उचलायच्या सगळ्या सामानाची तपासणी पूजेच्या आदल्या दिवशी उरकायची, ही तिथली रीत. एकदा का संध्याकाळी पाचला देवापुढे सामान मांडलं, की दुसऱ्या दिवशी कुणी पान्यालाही हात लावायचा नाही. कागदोपत्री तपासणीला बाहेरून एक साहेब यायचे. ते चहा घ्यायचे, मान वर करून दोन-चार हुकांकडे बघायचे आणि सही ठोकून जायचे. त्यांच्या कागदाला कारखान्यात कुत्रं विचारत नसे. भवतोषचा पट्टा नसेल तर मात्र साखळीला कुणी शिवत नसे. पट्ट्याचा रंग दरवर्षी वेगळा. गेल्या साली निळा होता, यंदा पिवळा.

परीक्षा साधी होती. साखळी मोकळी टांगायची आणि एकेका कडीवर हातोडी मारायची. धड कडी खण्ण वाजते; आतून तडकलेली असली तर फुटक्या मडक्यासारखी बद्द वाजते. हे त्याला याकूब मिस्त्रींनी शिकवलं होतं, कारखान्यात चारशे माणसं होती तेव्हा. आता साठ उरली होती, त्यातली निम्मी गेटवर आणि ऑफिसात. चारशे होती तेव्हा तपासणीच्या दिवशी याकूब मिस्त्री शेडमध्ये शिरले की सगळा कारखाना आपोआप गप्प व्हायचा. रिव्हेट मारणारे घण खाली ठेवत. मुरीवाला, म्हणजे कुरमुरे विकणारा, गेटबाहेर टोपली उतरवून आरोळी गिळून बसे. मिस्त्री भवतोषला भिंतीकडे तोंड करून उभं करायचे, कड्या वाजवत जायचे आणि मध्येच विचारायचे, "बोल, कुठली?" तो म्हणायचा, "सातवी." मग मिस्त्री पानाची पिंक टाकून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "या पोराला कान नाहीत, तराजू आहे तराजू!" त्या दिवशी घरी जाताना तो फेरीबोटीत बसला नव्हता. सगळा वेळ उभाच होता, मान ताठ करून. काय दिवस होते ते. सगळं ऐकू यायचं.

जेवणाच्या सुट्टीत भवतोष नेहमीच्या बाकावर, नदीकडे तोंड करून बसला. बायकोनं, सरमानं, डब्यात मुरी दिली होती, वर कांदा, मोहरीचं तेल आणि बटाट्याचे दोन चॉप. त्यानं एक चॉप मोडला आणि तसाच परत डब्यात ठेवला.

कान आज गेलेले नव्हते. दोन वर्षांपूर्वी सरमानं पहिल्यांदा म्हटलं, "अहो, मागं कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या. बसलात काय देवासारखे?" तो म्हणाला, पेपर वाचत होतो. मग पक्षी बंद झाले. मग नातीचं बोलणं अर्धंमुर्धं येऊ लागलं. जाड आवाज पोचत, बारीक गळून जात. आणि खण्ण हा बारीक आवाज. गेल्या साली त्यानं डोळ्यांनी बघून आणि हाताच्या झिणझिण्यांवर भागवलं होतं. स्वतःला म्हणाला होता, सव्वीस वर्षांचा हात आहे, हातालाही कळतंच की. पण हाताला कळत नाही, हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं. सांगितलं असतं तर हातोडी गेली असती, आणि हातोडी गेली की मग भवतोष सांतरा म्हणजे कोण? स्टोअरमध्ये हातमोजे वाटणारा एक म्हातारा. या एका भीतीपोटी तो मूग गिळून बसला होता.

आज हारानला ऐकू आलं होतं. आणि भवतोषच्या शब्दाखातर त्या माणसानं स्वतःच्या कानांवरचा विश्वास काढून घेतला होता. भवतोषला स्वतःची लाज वाटली. इतकी की शेजारी कुणी नसूनही त्यानं मान खाली घातली.

त्यानं डबा बंद केला आणि शेडमध्ये जाऊन ती साखळी खाली उतरवली. नववी कडी रॉकेलमध्ये बुडवून ठेवली. थोड्या वेळानं फडक्यानं कोरडी पुसली आणि वर खडूची पूड चोळली. आत कुठं तडा असेल तर त्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर झिरपतं आणि खडूवर उमटतं. हजारो कड्यांना हे करत बसायला वेळ पुरत नाही, म्हणून तर कान. तो कडीसमोर उकिडवा बसून राहिला. पांढऱ्या पुडीवर, जोडाजवळ, केसाएवढी काळी रेघ आली.

"हारान!" त्यानं हाक मारली. "घण घेऊन ये."

हारान आला, त्यानं रेघ बघितली. कडी वाइसमध्ये आवळून त्यानं तीन घाव घातले. तिसऱ्याला ती उघडली. धड लोखंड तुटलं की आतून चांदीसारखं चमकतं. इथं काठाला जरा चमक होती, बाकी सगळा गंज. जुना, तपकिरी, बसलेला.

"हा तडा आजचा नाही," हारान म्हणाला.

"नाही."

"गेल्या वर्षीही होता."

"असणारच. मला ऐकू आला नाही. सकाळीही नाही आला. ग्रीसबीस काही नव्हतं, मी खोटं बोललो. हारान, मला ऐकू येत नाही."

हाराननं साखळीवरचा गेल्या वर्षीचा निळा पट्टा अंगठ्यानं चोळला. पुसट झाला होता, पण होता.

"पौष महिन्यात आपण त्या बार्जचं सुकाणू उतरवलं," तो सावकाश म्हणाला, "ते हिच्यावरच टांगलं होतं. मी खाली उताणा पडून बोल्ट काढत होतो. वर बघितलं तर तुमचा निळा पट्टा दिसला. तो बघून आत शिरलो मी, दा. क्रेन नव्हती बघितली, साखळी नव्हती बघितली. पट्टा बघितला."

भवतोष पिंपाला टेकला. हारान शिव्या देईल तर बरं, असं त्याला वाटत होतं. पण हारान नळापाशी गेला आणि पाठमोरा होऊन तोंडावर पाणी मारू लागला.

भवतोष तिथून सरळ ऑफिसात गेला. मॅनेजर नियोगी साहेब उद्याच्या प्रसादाच्या खिचुरीसाठी माणसांची यादी करत होते. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला कुठलीही भानगड पूजेच्या नंतर हवी असायची.

"तोडलीत ना ती साखळी? मग झालं तर!" सगळं ऐकून ते म्हणाले. "बाकीच्यांना पट्टे मारा आणि मोकळे व्हा. भवतोषबाबू, रिटायर व्हायला चौदा महिने राहिलेत तुमचे. कान काय, डोळे काय, गुडघे काय, सगळ्यांचेच जातात. त्याचा बोभाटा करायचा असतो का?"

"साहेब, गुडघ्याच्या भरवशावर कुणी जहाजाचं सुकाणू टांगत नाही."

"निदान लिहून तरी ठेवू नका. जुने सगळे कागद संशयात येतील."

"यायलाच हवेत."

त्यानं कपाटातून तपासणीचं रजिस्टर ओढलं आणि उभ्या उभ्या लिहिलं, 'गेली दोन वर्षे मी वाजवून पास केलेल्या साखळ्या पास धरू नयेत. मला बारीक आवाज ऐकू येत नाही.' खाली सही केली. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

नियोगी साहेबांनी कपाळाला हात लावला. "आणि परवा सकाळी इंजिन वर घ्यायचंय, त्याचं काय? बाहेरच्या साहेबांचा कागद आहे, पण तुमच्या पट्ट्याशिवाय ही टोळी हुकाखाली जायची नाही. पट्टे कोण मारणार?"

"मी नाही," भवतोष म्हणाला.

तो शेडमध्ये परतला तेव्हा तीन वाजून गेले होते. बाहेर मूर्ती आली होती, हत्तीवर बसलेल्या विश्वकर्म्याला चौघंजण "जरा डावीकडे, अरे डावं कुठलं तुझं!" करत ट्रॉलीवरून उतरवत होते. भवतोषनं चिंधी रॉकेलमध्ये भिजवली आणि सकाळपासून मारलेले पिवळे पट्टे एकेक करून पुसून काढले. पाच होते. मग त्यानं हातोडी पुसली आणि हारानपुढं धरली.

"घे. तुझे कान शाबूत आहेत."

हारानचे डोळे लाल दिसत होते. त्यानं हातोडी घेतली, हातात तोलली आणि एका कडीवर मारली. साखळी सगळीच हलली आणि कुठलाच आवाज धड निघाला नाही. त्यानं पुन्हा मारली. टोळीतला कुणीतरी मागून म्हणाला, "सरदार, नारळ फोडताय का?" पोरं हसली.

"गप रे," हारान त्याच्यावर खेकसला. मग भवतोषकडे वळून म्हणाला, "रागावलोय मी तुमच्यावर. सांगून ठेवतो, वर्षभर रागावणार आहे. घरी बायकोला सांगितलं तर ती तुमच्या दारात येऊन उभी राहील."

"राहू दे. मी ऐकून घेईन."

"कशानं ऐकून घेणार?" हारान म्हणाला, आणि पोरं पुन्हा हसली. या खेपेला भवतोषलाही किंचित हसू आलं.

हारान मात्र हसला नाही. त्यानं हातोडी उलटी करून दांडा भवतोषपुढं केला. "मला आवाज कळतो. पण कुठं मारायचं, किती हलकं, जोडावर का अंगावर, ते काही कळत नाही. ते शिकायला तुम्हाला किती वर्षं लागली?"

"चार."

"मला आज संध्याकाळी पाचच्या आत उरकायचंय. तुम्ही मारा, मी ऐकतो. पट्ट्यापुढं दोघांची नावं लिहा. माझं आधी."

भवतोषनं हातोडी घेतली. उरलेल्या तेरा साखळ्या तुळईला टांगलेल्या होत्या. तो पहिलीपाशी गेला, वरची कडी दोन बोटांत धरून ती नीट बसलीय का ते बघितलं आणि साखळी शांत होईपर्यंत थांबला. हारान समोर येऊन उभा राहिला. त्यानं डोळे मिटले, कपाळावर आठ्या घातल्या आणि मान किंचित कलती केली.

भवतोषनं हातोडी मारली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यानं कडीकडे बघितलं नाही. तो हारानच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, आणि कपाळावरच्या आठ्या उलगडेपर्यंत त्यानं दुसरी कडी हातात धरली नाही.