शिवेवरचे खांदे

१९९८ साली मी सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतल्या एकशेबारा पाड्यांची मालकीण होते. निदान माझा तोरा तसाच होता. नाशिकच्या एका संस्थेनं मला नेमलं होतं आणि हातात एक जाडजूड रजिस्टर दिलं होतं. ज्या पाड्यांना रस्ता नाही, तिथं कोणी आजारी पडलं, बाई अडली, तर तिला डोलीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणणारे स्वयंसेवक तयार करायचे. प्रत्येक पाड्यातली दोन नावं रजिस्टरात उतरवायची, की झालं काम. मला वाटलं, दोन महिन्यांत उरकेल.

पाड्यापाड्यांत बैठका घेतल्या. लोक यायचे, शांतपणे ऐकायचे, मान डोलवायचे. "करू ना ताई," म्हणायचे. "बरं, मग नाव सांगा," म्हटलं की सगळे आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघू लागायचे. कोणी तंबाखू मळायला घ्यायचं. एकदा तर अख्खी बैठक माझ्यादेखत उठून म्हशी बघायला गेली. माझ्या नाकावर राग कायमच असतो, त्यात आठ महिन्यांनी रजिस्टर कोरंच्या कोरं. ऑफिसातून फोन आला की मी खोटं खोकायचे.

साळूबाई मोहपाड्याची सुईण. साठीची, काटक, आणि बोलायला लागली की समोरच्याची बोलती बंद करणारी. तिच्या अंगणात चहा पिताना मी तणतणत होते, तेव्हा ती म्हणाली, "नाव लिवू नको ताई. नाव लिवलं का काम त्याचं एकट्याचं होतं. बाकीचं सुटतात."

"अहो पण नावच नसेल, तर उद्या जाब कोणाला विचारू?"

"तुला जाब पायजे का माणूस पायजे?"

मला राग आला. समाजकार्याची पदवी माझ्याकडे होती, तिच्याकडे नव्हती. मी चहा अर्धा टाकून उठले.

आणि हट्टाला पेटले. रस्त्याला सगळ्यांत जवळचा पाडा खिरपाडा. तिथं चार खेपा घातल्या, आणि चौथ्या खेपेला दोन नावं मिळवलीच. लहानू आणि यादव. दोघांना नाशिकला नेऊन तीन दिवसांचं शिक्षण दिलं, छातीवर लावायला पत्र्याचे बिल्ले दिले आणि सगळ्या गावासमोर बजावलं, "डोली उचलायची ती या दोघांनीच. शिकलेल्या माणसाचं काम आहे, उगाच कोणीही मध्ये पडायचं नाही." गावानं मान डोलवली. संस्थेच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. खिरपाडा माझा आदर्श पाडा झाला.

फेब्रुवारीत मी मोहपाड्याला मुक्कामी होते. सकाळी नऊच्या सुमारास साळूबाई घरातून बाहेर आली. तिची सून चंद्रभागा आदल्या संध्याकाळपासून कळा देत होती. साळूबाईनं हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. दोनअडीचशे बाळंतपणं केलेली ती बाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोर आडवं हाय. माझ्या हातचं नाय. दुपार कलंडायच्या आत डागदरापाशी पोचली तर दोघं वाचतील."

संस्थेची जीप मला न्यायला बारा वाजता खिरपाड्याच्या फाट्यावर येणार होती. तो फाटा अकरा किलोमीटरवर. मध्ये पाच पाडे, मग खिरपाडा, मग रस्ता. दोन डोंगर, तीन ओहोळ, आणि वाट म्हणजे बकऱ्यांनी पाडलेली. रजिस्टर उघडून काय बघणार होते मी? त्यात खिरपाड्याच्या दोन नावांपलीकडे होतं काय?

मी कोणाला हाक मारायच्या आत एक माणूस पुढच्या पाड्याच्या दिशेनं पळत सुटला होता. चौघांनी वेळूच्या दांड्याला घोंगडी बांधली, चंद्रभागेला त्यात निजवलं आणि निघालेसुद्धा. साळूबाई सुनेच्या डोक्याशी, मी मागं. चंद्रभागा ओरडत नव्हती. दांड्याला धरलेली तिची मूठ तेवढी मला दिसत होती.

पहिल्या शिवेवर पोचलो तर पुढच्या पाड्याचे चौघं उभेच होते. कोणी काही विचारलं नाही, कोणी काही सांगितलं नाही. एक खांदा खाली झाला, दुसरा त्याच्या जागी आला. डोली हललीही नाही. मोहपाड्याचे चौघं तिथंच थांबले, त्यांनी घाम पुसला. मी मागं वळून त्यांना काहीतरी म्हणणार होते, पण डोली पुढं गेली होती आणि मला पळावं लागलं.

दुसऱ्या शिवेवर पुन्हा चौघं. एका म्हातारीनं पुढं होऊन चंद्रभागेच्या ओठांना पाणी लावलं. तिसऱ्या पाड्याच्या हद्दीत वाटेवरच्या करवंदीच्या जाळ्या छाटलेल्या होत्या, ताज्या. कोयता घेतलेला एक माणूस आमच्या पुढं शंभर पावलांवर छाटतच चालला होता, मागं वळून बघत नव्हता. ओहोळाच्या उतारावर कोणीतरी दगडांच्या पायऱ्या लावल्या होत्या आणि त्यांच्यावरची माती अजून ओली होती. मी इतके महिने या लोकांना "संघटित" करत होते. देवळात कधी जोडले नसतील असे हात तिथं मनातल्या मनात जोडले गेले.

साडेअकराला आम्ही खिरपाड्याच्या शिवेवर होतो. इथून फाटा फक्त दोन किलोमीटर, सगळा उतार.

शिवेवर कोणीच नव्हतं.

पाचव्या पाड्याचे चौघं थांबले. नुकताच सगळ्यांत मोठा चढ चढून आले होते, दमलेले होते, पण थांबले ते त्यासाठी नाही. त्यातला वयस्क माणूस म्हणाला, "गावानं हाती घेतल्याबिगर आजारी माणूस शिवंच्या आत नेत नाय, ताई. आजार आणून सोडला आसं व्हतं." मी ओरडले. विनवलं. पुन्हा ओरडले. पाचव्या पाड्यातून सोबत आलेला एक माणूस खिरपाड्यात पळत जाऊन धापा टाकत परत आला. घरोघर बघितलं, पण गडीमाणसं कुठंच नव्हती. माझं सारखं घड्याळाकडे लक्ष. बारा वाजून गेले. साळूबाईनं डोली पळसाच्या सावलीत ठेवायला लावली. ती पहिल्यांदाच जमिनीला टेकली. चंद्रभागेची मूठ सुटली होती.

एवढ्यात रानातून चार बाया डोक्यावर मोळ्या घेऊन आल्या. पुढं होती ती कुसाबाई, खिरपाड्याच्या पोलीस पाटलाची आई, पासष्टीच्या पुढची. मी तिच्यावरच खेकसले, "कुठं आहेत तुमचे लहानू आणि यादव?"

"त्ये दिंडोरीला. द्राक्षं काढायला गेल्यात कवाचे."

"मग बाकीचे गडी कुठं मेले?"

"सकाळी निरोप आला ना, पेशंट येतंय. मंग गेलं यष्टी गाठून लहानू-यादवला आणाया." कुसाबाई माझ्याकडे नवलानं बघत म्हणाली. "बिल्लं त्यांच्याकडंच ना, ताई? तूच म्हनली व्हतीस, दुसऱ्यानं हात लावायचा नाय. उरलंसुरलं गडी आपापल्या शेताला गेलं."

मी तिथंच खाली बसले. या साध्या माणसांनी माझा शब्द पाळला होता. तंतोतंत पाळला होता. एका बाईचा जीव जात होता आणि तिला उचलण्याचा अधिकार असलेली माणसं शोधायला अर्धा पाडा साठ किलोमीटरवर धावला होता. शेवटी मी म्हणाले, "मावशी, चुकले मी. कोणीही उचला. कोणीही."

कुसाबाईनं माझं बोलणं पुरतं ऐकलंही नाही. तिनं मोळी धाडकन खाली टाकली, डोक्यावरची चुंबळ काढून उजव्या खांद्यावर ठेवली आणि म्हणाली, "आमची शीव हाय. आमी घेतो." मागच्या तिघींनी तेच केलं. त्या भागात बायांनी डोली उचललेली कोणी पाहिली नव्हती. पाचव्या पाड्याच्या त्या वयस्क माणसानं दांडा उचलून कुसाबाईच्या खांद्यावर नीट बसवला.

मीही हात लावायला गेले. चाळीस पावलांत मला धाप लागली. "तू पुढं पळ," कुसाबाई हसून म्हणाली, "जीप थांबव. तुला तेवढंच जमल." मी पळाले. वळणावरून मागं बघितलं तर चौघीजणी एका लयीत उतारावरून येत होत्या. वाटेतल्या शेतांतून आणखी बाया धावत येऊन मिळत होत्या, दमलेला खांदा सुटत होता, नवा लागत होता. चालत कसल्या होत्या, जवळजवळ धावत होत्या. मला रडू आवरेना, आणि ते दुःखाचं नव्हतं.

नाशिकला सिव्हिलमध्ये संध्याकाळी ऑपरेशन झालं. मुलगी झाली. चंद्रभागा वाचली. डॉक्टरीण बाई हातमोजे काढत म्हणाल्या, "आणखी अर्धा तास गेला असता, तर दोघींपैकी एकीचीसुद्धा खात्री नव्हती." खिरपाड्याच्या शिवेवर आम्ही पाऊण तास घालवला होता. हे साळूबाईलाही ठाऊक होतं. मी तिच्यासमोर उभी राहिले, दोन शिव्या ऐकायच्या तयारीनं. तिनं नात माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "उद्या खिरपाड्यावरनं जा. शिवंवर निरोप सांग. जेवली नसतील ती मानसं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले, तर ती माणसं खरंच शिवेवर होती. कुसाबाई, त्या बाया, दिंडोरीहून रातोरात परतलेले लहानू आणि यादव. खांद्याला खोबरेल चोळत बसलेल्या कुसाबाईला मी म्हटलं, "दोघी बऱ्या आहेत. मुलगी झाली."

ती उठली. डोंगराकडे तोंड केलं, दोन्ही हात ओठांशी धरले आणि लांबच लांब कुकारा घातला, डोंगरात मारतात तशी हाक. "दोगीऽ बऱ्याऽऽ!" मग समोरच्या डोंगराच्या सोंडेवरून कोणा पुरुषाचा आवाज आला, तेच शब्द, आमच्याकडे नाही, पलीकडे टाकलेले. मग त्याच्याही मागून, बारीक, एका बाईचा. मग आणखी लांबून तिसरा, इतका पुसट, की मी श्वास रोखून ऐकला.

त्यापुढं मला काही ऐकू आलं नाही. मोहपाड्यापर्यंत अजून दोन पाडे होते. चंद्रभागेची थोरली, तीन वर्षांची पोरगी तिथं आजोबांजवळ आईची वाट बघत होती. मी शिवेच्या दगडावर बसून राहिले आणि त्या दोन पाड्यांनी आपापली हाक पुढं दिली असणार, याबद्दल माझ्या मनात तिळभरही शंका नव्हती.