फळीखालची निळी नळी

मित्रांनो, मी एक जुनी पारदर्शक नळी आहे. तुमच्या कोपरापासून बोटांपर्यंत असेल तेवढी लांब आणि दोन्ही टोकांना पांढरी झाकणं. माझं सगळं आयुष्य कपडे धुण्याच्या मशीनशेजारी, साबणाच्या डब्यांच्या संगतीत गेलं. तिथे येणारी माणसं हरवलेला मोजा शोधायला यायची, मला बघायला नाही. पण बाहेरच्या खोलीत काचेच्या टाकीत एक छोटासा समुद्र होता आणि त्याचं पाणी थेंबाथेंबाने माझ्यातून जायचं. त्या समुद्रावर एकदा संकट आलं. ते कुठून आलं हे घरात फक्त मला ठाऊक होतं, आणि मला तोंड नाही.

पण आधी माझ्या जन्माचं सांगते. कारखान्यात साचा उघडला, वाफ निघून गेली आणि माझ्या या टोकातून शिरलेला उजेड त्या टोकातून बाहेर पडला. एका बाईंनी मला दिव्यासमोर धरून डोळा लावला, झाकण फिरवून पाहिलं आणि "ही चांगली आहे" म्हणून खोक्यात ठेवलं. चांगली म्हणजे कशासाठी चांगली, हे मला कोणी सांगितलं नाही. प्रवासभर मी त्याच विचारात होते.

उत्तर मिळालं ते एका घरात. त्या घरातली आई चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर तपासायची. तिला समुद्राचं वेड होतं. टाकीत तिने खडक रचले, मासे सोडले आणि नखाएवढा एक हिरवा प्रवाळ चिकटवला. प्रवाळ दगडासारखा दिसतो, पण तो जिवंत प्राणी असतो आणि पाण्याच्या बाबतीत फार नाजूक. नळाच्या पाण्यात विरघळलेल्या गोष्टी आपल्याला चालतात, त्याला चालत नाहीत.

म्हणून आईने भिंतीवर आमची एक रांगच लावली. पहिली गाळणी गाळ अडवायची. दुसरी कोळशाची, ती पाण्यातला क्लोरीन धरायची. तिसरा पातळ पडदा, तो बहुतेक क्षार मागे ठेवायचा. त्यातूनही जे निसटायचं ते माझ्याकडे यायचं. माझ्या पोटात खसखशीएवढे निळे दाणे भरलेले असतात. त्यांना रेझिन म्हणतात. ते पाण्यातले उरलेसुरले क्षार स्वतःकडे ओढून घेतात. असं ओढता ओढता दाणे दमतात आणि निळ्याचे तपकिरी होतात. मग ते बदलायचे. मी बोलत नाही, पण रंगाने सांगते.

आई दाणे भरायची ती तब्येतीत. थोडे ओतायचे, मला ओट्यावर हलकेच ठोकायचं, दाणे खाली बसले की पुन्हा ओतायचे. अगदी काठोकाठ. मग स्पंजाची चकती दाबून झाकण घट्ट. नळ सुरू केल्यावर पडद्यातून येणारं पहिलं पाणी जरा मळकट असतं, ते ती सोडून द्यायची आणि मगच माझ्याकडे वळवायची, म्हणजे माझे दाणे उगाच लवकर दमू नयेत. पाण्यातले क्षार मोजायचा पेनासारखा एक मीटर होता. तो पाण्यात बुडवला आणि शून्य दिसलं की ती मला थोपटायची. "शाब्बास गं!" त्या दिवसांत हिरवा प्रवाळ वाढून वाढून मुठीएवढा झाला. त्याची मऊ बोटं पाण्यात डुलायची.

मग आईचं काम वाढलं आणि एकदा दाणे भरायची पाळी बाबांवर आली. बाबा छापखान्यात काम करायचे. माणूस हौशी, पण घाईचा. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून ते कोणाशी तरी कागदाच्या जाडीवरून वाद घालत होते. दाणे ओतले, ठोकायचं राहिलं, वर दोन बोटं जागा रिकामी राहिली, आणि झाकण लावून ते मोकळे झाले. मला भिंतीवर आडवं बसवलेलं असायचं, फळीच्या अगदी खाली. आडवी झाल्याबरोबर दाणे खाली बसले आणि माझ्या वरच्या अंगाला या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पोकळी तयार झाली.

आता पाण्याचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे. मोकळी वाट सोडून ते गर्दीत कशाला घुसेल? ते सगळं त्या पोकळीतून सरळ पलीकडे जाऊ लागलं. वरवरचे काही दाणे तेवढे तपकिरी झाले. खालचे सगळे कोरे करकरीत निळे, नुसते बसून! समोरून पाहिलं तर मी निळीशार. तपकिरी पट्टा वर, फळीच्या सावलीत.

"मीटरचे सेल कुठे गेले?" आईने एकदा विचारलं.

"स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यात घातले," बाबा म्हणाले. "नळी रंग दाखवते ना? निळी आहे म्हणजे झालं."

आईने मान डोलावली. तीही घाईत होती.

टाकीतलं पाणी हवेत उडून जातं आणि त्यात जे विरघळलेलं असेल ते मागेच राहतं. माझ्यातून निघालेलं पाणी खालच्या पिंपात साठायचं आणि उडालेल्याच्या जागी रोज तेच टाकीत पडायचं. म्हणजे जे नको ते रोज थोडं थोडं साठत गेलं. आधी वाळूवर तपकिरी साय आली. मग काचेवर. मग हिरव्या प्रवाळाने बोटं आत ओढून घेतली आणि एका बाजूने त्याचा पांढरा सांगाडा दिसायला लागला.

घरात एक मुलगी होती. तिला बाबा चौकशीबाई म्हणायचे, कारण तिचं प्रत्येक वाक्य 'का'ने सुरू व्हायचं. माशांना खाऊ घालायचं काम तिचं. साहजिकच आळ तिच्यावर आला.

"खाणं कुजतंय पाण्यात," आई म्हणाली. "चिमूटभर घाल म्हटलं होतं ना तुला?"

"चिमूटभरच घालते मी!"

"तुझी चिमूट म्हणजे मूठ असते."

"मासे बघ ना, माझ्यासारखेच गुबगुबीत झालेत," बाबांनी वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला. कोणी हसलं नाही.

आईने खाण्याची डबी कपाटावर ठेवली. मग हळूच म्हणाली, "टाकी जिथून आणली त्या दुकानदाराशी बोललेय मी. रविवारी तो येऊन टाकी घेऊन जाईल. निदान त्याच्याकडे तरी जगेल सगळं."

मुलगी माझ्याजवळ आली आणि मशीनला टेकून जमिनीवर बसली. रडली नाही. बराच वेळ माझ्या पिंपाकडे बघत राहिली. मला तिच्या डोक्यात काय चाललंय ते कळेना, पण काहीतरी चाललं होतं हे नक्की. शेवटी ती स्वतःशीच पुटपुटली, "खाणं टाकीत पडतं. पिंपात नाही पडत. मग पिंपातलं पाणी तरी स्वच्छच असायला हवं."

तिने शेगडीची काळी काच चकचकीत पुसली आणि तिच्यावर तीन थेंब ठेवले. एक नळाच्या पाण्याचा, एक माझ्या पिंपातला आणि एक बाबांच्या इस्त्रीत घालतात त्या बाटलीतल्या शुद्ध पाण्याचा. मग हनुवटी ओट्यावर टेकवून वाळायची वाट पाहिली. नळाच्या थेंबाजागी जाड पांढरं कडं उमटलं. इस्त्रीच्या थेंबाजागी काहीच नाही. आणि माझ्या थेंबाजागी बारीक, फिकट, पण स्पष्ट कडं.

"आई, शुद्ध पाण्याचा डाग पडतो का?"

"काच नीट पुसली नसशील."

"मग तू पूस."

आईने दुकानातलं चष्मे पुसायचं मऊ फडकं आणलं, काच स्वतः पुसली, थेंब स्वतः ठेवले. वाळल्यावर तेच कडं.

"पण नळी निळी आहे गं," बाबा म्हणाले. "आज सकाळीच पाहिली मी."

"कुठून पाहिलीत?" मुलीने विचारलं.

"इथून. सगळे बघतात तिथूनच."

मुलगी स्टुलावर चढली. तिने पाणी बंद केलं, मला खटक्यांतून सोडवलं आणि दोन्ही हातांत धरून उजेडात फिरवलं. किती वर्षांनी मला असं उजेडात धरून कोणी निरखत होतं! निळा, निळा, निळा, आणि मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेला तपकिरी पट्टा. तिने मला तिरकं केलं तसे दाणे सळसळत एका बाजूला गेले आणि मोकळी जागा सगळ्यांना दिसली.

"ही जागा रिकामी का?"

बाबांनी मान खाजवली. "मीच भरली होती. फोनवर बोलत."

आईने बाबांकडे पाहिलं, पण बोलली मुलीशी. "दिवसभर लोकांना सांगते, नीट बघा, पुन्हा बघा. आणि घरी नळीकडे एका बाजूने पाहिलं न् तुझ्याकडे बोट दाखवलं. चुकलंच माझं."

"मग डबी काढून दे."

बाबांनी खुर्चीवर चढून डबी काढून दिली. दुकानदाराला फोनही त्यांनाच करावा लागला. वर माझे सगळे दाणे पुन्हा भरायची शिक्षा मिळाली. चौकशीबाई शेजारी उभी राहून सांगत होती, "अजून ठोका. अजून बसतील. काठोकाठ!" त्या दिवसापासून मला उभं बसवलं, फळीपासून दूर. पाणी खालून शिरून वर चढायचं, म्हणजे सगळ्या दाण्यांमधून जाणं त्याला भाग पडायचं. मीटरला नवे सेल आले.

टाकीतलं पाणी थोडं थोडं करून बदलायला बरेच आठवडे लागले. प्रवाळाची अर्धी बाजू गेली ती गेलीच. पण उरलेल्या अर्ध्या बाजूने एका सकाळी दोन बोटं बाहेर काढली, आणि घरातलं प्रत्येक माणूस दात घासता घासता टाकीसमोर उभं होतं.

आता माझ्या झाकणाजवळ तडा गेलाय. माझ्या जागी नवी नळी आली आहे आणि मी खिडकीत रिकामी पडून असते. उजेड आरपार जातो, बरं वाटतं. मित्रांनो, तुमच्या घरीही पाण्याची एखादी गाळणी कुठेतरी कोपऱ्यात मुकाट काम करत असेल. कधीतरी तिला हातात घ्या, धुवा, फिरवून सगळ्या बाजूंनी बघा. आम्हाला एवढंच पुरतं. आणि घरात काही बिघडलं, की त्याचं खापर कोणाच्या माथी मारायच्या आधी, निदान एक थेंब वाळेपर्यंत तरी थांबा.